शिळा पाव मिळेल का?

माझा मुलगा पोर्तुगालला गेला तेव्हा भेटेल ती बाई मला एकच विचारायची, "तिकडं जेवायचं काय करतो?" थंडी किती असते, काम काय असतं, भाषा कशी जमते, कुणी काही विचारलं नाही. आमच्या सोनईकडं माणूस नगरला गेला काय आणि साता समुद्रापार गेला काय, पहिला प्रश्न पोटाचा. मी तरी कुठं वेगळी? फोन लागला की हॅलो म्हणायच्या आधी माझ्या तोंडातून निघायचं, "काय जेवलास?"

पोरगं शेतीची पदविका घेतलेलं. आमच्याच शेडनेटमध्ये दोन वर्षं ढोबळी मिरची केली, मग एका मित्राच्या ओळखीनं तिकडच्या दक्षिण भागात रासबेरीच्या प्लास्टिकच्या घरांत कामाला लागलं. एका जुन्या घराच्या माडीवर हा आणि दोन नेपाळी पोरं राहतात. खाली घरमालकीण म्हातारी एकटी राहते. एवढी माहिती मला होती. यापुढची सगळी माहिती वाऱ्यावर गेलेली, कारण हा फोन करायचा तो कामावरून परत चालत येताना. तिकडं समुद्राचा वारा, इकडं आमच्या वस्तीवर रेंज नाही. मी पाण्याच्या टाकीपाशी एका विशिष्ट दगडावर उभी राहून बोलायचे. अर्धे शब्द यायचे, अर्धे नाही.

तर एके दिवशी मी विचारलं, "काय जेवलास?" आणि तो म्हणाला, "असू दे."

मी म्हटलं, असू दे म्हणजे काय? तोवर त्यानं कालवडीचं विचारलं, कांदा काढला का विचारलं, आणि फोन गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. काय जेवलास? असू दे. आता हा शब्द आमच्या घरात साधा नाही. आमच्या ह्यांची दाढ ठणकत असली आणि मी विचारलं की हे म्हणणार, "आसू दे." कांदा चाळीत सडला, "आसू दे." मोठ्या बहिणीनं अबोला धरला, "आसू दे." जे दुखतंय ते सांगायचं नसलं की नवऱ्याच्या तोंडी हा शब्द येतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्याचा अर्थ कळायला शब्दकोश लागत नाही. पोरगं बापावर गेलंय, असं मी धरून चालले.

तिसऱ्या वेळी मी फोन ह्यांच्या हातात दिला. तुम्ही विचारा, तुम्हाला तरी सांगेल. ह्यांनी विचारलं, ऐकलं, मान हलवली आणि आमच्याकडं वळून बातमी वाचावी तसं सांगितलं, "शिळा पाव हुता म्हनं. लसून घातला, वरून गरम पानी वतलं. झालं जेवान."

तेव्हा थोरल्या जाऊबाई टाकीजवळच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला. "आगं बया," त्या म्हणाल्या, "शिळा पाव आन् पानी? जेलात तरी डाळ देत्यात."

झालं. आगीत तेल. जाऊबाई मनानं वाईट नाहीत, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. दोन दिवसांत सगळ्या वस्तीला कळलं की आमचं पोरगं परदेशात शिळ्या तुकड्यांवर दिवस काढतंय. एकीनं मला रस्त्यात थांबवून सांगितलं की भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, माणूस कशावरही जगतो, काळजी करू नका. धीर द्यायची ही काय रीत झाली? मी घरी येऊन भांडी आपटली.

आमचे हे म्हणायचे की तू उगाच जीव टांगणीला लावतेस. पण मला माझं पोरगं माहीत आहे. राहुरीला शिकायला होता तेव्हा त्याला टायफॉईड झाला, तो यानं बरा होऊन घरी आल्यावर सांगितला. का, तर म्हणे आई घाबरेल. अशा पोराच्या "मी मजेत आहे"ला काय किंमत द्यायची? व्हिडिओ कॉल केला तर दिसायचं काय, नुसतं कपाळ. कपाळ आणि मागं छत. मी म्हणायचे, फोन खाली घे, तोंड दाखव, तर लगेच चित्र अडकायचं. मला वाटायचं हा मुद्दाम करतो. गाल बसलेत, ते दाखवायचे नाहीत.

मला एवढंच कळायला हवं होतं की पोरगं पोटभर जेवतंय की नाही. नसेल जेवत तर त्याला परत बोलवायचं, मी मनाशी ठरवून टाकलं होतं. लोक हसले तर हसू देत. घरात भाकरी आहे, शेड आहे, दूध आहे. पण त्याला विचारून खरं कळणार नव्हतं. मग मी वेगळी वाट काढली. म्हटलं, हा जे खातो ते आपण घरी करून बघू. माणूस खोटं बोलेल, पण जिभेवर पडलेला घास कसा खोटं बोलेल?

मी त्याला मेसेज केला, ते पावाचं कसं करतात ते नीट लिहून पाठव. त्यानं लगेच पाठवलं, आणि शेवटी हसणारी तीन तोंडं. पाव, लसूण, कोथिंबीर, जाडं मीठ, जैतुनाचं म्हणजे ऑलिव्हचं तेल, अंडं, उकळतं पाणी. लसूण, कोथिंबीर आणि मीठ कुटायचं, वर तेल घालायचं, पाण्यात अंडं शिजवायचं, ते पाणी त्यावर ओतायचं आणि त्यात पाव टाकायचा. मी दोनदा वाचलं. ना कांदा, ना हळद, ना मिरची. मिरचीसुद्धा नाही! ज्या पोरानं दोन वर्षं मिरची पिकवली त्याच्या जेवणात मिरची नाही, हे वाचून मला पदर डोळ्यांना लावावा लागला.

जैतुनाचं तेल आमच्या किराणा दुकानात कुठून असणार? दुकानदार म्हणाला मेडिकलमध्ये बघा. मेडिकलवाल्यानं आतून एक छोटीशी बाटली आणली, पुसली आणि प्रेमानं विचारलं, "बाळ किती महिन्यांचं आहे?"

मी म्हटलं, "चोवीस वर्षांचं."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. बाटलीवर लिहिलं होतं, फक्त बाहेरून लावण्यासाठी. बाळाच्या मालिशचं तेल नवऱ्याला खाऊ घालायची माझी तयारी नव्हती, म्हणून ते परत दिलं आणि घरचं करडईचं तेल घ्यायचं ठरवलं. पाव मात्र चौकातून छान ताजा आणला. लादीपाव, गरम, कापसासारखा. म्हटलं, आपण तरी शिळं कशाला खायचं? घरात शिळं म्हटलं की ते कालचं, गुरांचं. माणसाला, त्यातून नवऱ्याला, मुद्दाम शिळं करून वाढायचं हे माझ्या हातून होणारच नव्हतं.

मग मी ते केलं. लसूण करपू नये म्हणून पाण्यात चांगला शिजवला. कोथिंबीर शेवटी वरून भुरभुरली, आपण भाजीवर घालतो तशी. पाव टाकला आणि एक उकळी आणली, कारण कच्चं कसं राहू द्यायचं? झाकण काढलं तर आत खळ. निवडणुकीत पोस्टर चिकटवतात ती खळ, त्यात अंड्याच्या चिंध्या. ह्यांच्या ताटात वाढलं. ह्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, पाणी प्यायलं.

"शेडनेटची जाळी फाटली हाय," हे म्हणाले, "तिला लावायला बरं पडंल."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. त्या दिवशी मी भांड्यासमोर बसून हुंदके देऊन रडले. हे असलं खातो माझा लेक. दिवसभर वाकून फळं तोडायची आणि घरी येऊन ही खळ गिळायची, आणि आईनं विचारलं तर म्हणायचं, असू दे. ह्यांनी ते सगळं ताट संपवलं. पोरगं खातंय तर बापालाही गेलं पाहिजे, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

मी तडक टाकीपाशी गेले आणि फोन लावला. त्याला सुट्टी होती बहुतेक, कारण वारा नव्हता आणि आवाज स्वच्छ येत होता. मी त्याला बोलायलाच दिलं नाही. म्हटलं, बास झालं, बॅग भर आणि ये. मी करून बघितलंय ते तुझं पावाचं, कुत्रंसुद्धा हुंगून जाईल. आईला फसवतोस? काय जेवलास विचारलं की असू दे म्हणतोस?

मग तो म्हणाला, "आई, मी कधी असू दे म्हणालो?"

"दर वेळी म्हणतोस."

"असू दे नाही गं! असोर्द. अ-सो-र्द. त्याचं नाव आहे ते. तू विचारायचीस काय जेवलास, मी सांगायचो असोर्द."

मला आधी कळेचना. त्यानं तीनदा म्हणून दाखवलं. मग मीही म्हणून बघितलं, आणि वाऱ्यात, त्या दगडावर उभं राहून, दुसरं काय ऐकू येणार होतं? तो पोट धरून हसत होता. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. रेंजनं माझी झोप घालवली होती, आणि दोष मी नवऱ्याच्या स्वभावाला देऊन बसले होते.

पण पुढचं ऐका. हसून झाल्यावर त्यानं विचारलं, पाव कुठला घेतलास? मी सांगितलं, ताजा. तो ओरडला. लसणाचं सांगितलं, तर म्हणाला, शिजवलास? लसूण शिजवलास? कोथिंबीर वरून? पाव उकळलास? अगं आई, पाव उकळतात का कधी! कोथिंबीर कुटायची, ठेचा कुटतेस तशी, तिचा रस सुटला पाहिजे. तेल कच्चं. पाव कडक पाहिजे, चांगला शिळा, म्हणजे तो पाणी पितो पण मोडत नाही. तू सगळ्याची माती केलीस.

मी ऐकत राहिले. घरी असताना या पोराला आपल्या ताटात भेंडी आहे की गवार हे कळायचं नाही. मोबाईलमध्ये तोंड आणि हात आपोआप ताटात. तो आता मला लसणावरून शिकवत होता. उपाशी माणूस चवीला नावं ठेवत नाही, एवढं मलाही कळतं. माझा अर्धा जीव भांड्यात पडला. अर्धा अजून वरच होता, कारण हा टायफॉईड लपवणारा पोरगा, बोलायला हुशार. मी म्हटलं, रविवारी मी परत करते. तू व्हिडिओवर समोर बस, आणि तुझं ताटही दाखव. तो म्हणाला, बरं, रविवारी मी खालीच जेवतो, म्हातारीकडं, तिथं नेट चांगलं आहे.

मग शिळा पाव आणायची वेळ आली. बेकरीत जाऊन मी विचारलं, "शिळा पाव मिळेल का?" बेकरीवाला एकदम ताठ झाला. म्हणाला, "वहिनी, आपल्याकडं रोजचा माल रोज जातो. कोण म्हणालं शिळा ठेवतो म्हणून?" मी म्हटलं, कुणी म्हणालं नाही, मलाच पाहिजे. त्याला ते पटेना. दुकानातली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडं वळून बघायला लागली. शेवटी त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "म्हशीला का?" मला काय सुचणार? मी म्हटलं, "हो." तेव्हा त्याचा जीव शांत झाला. त्यानं आतून तीन-चार दिवसांपूर्वीचे कडक पाव आणले, बुरशी नाही ना ते एकेक उलटून पाहिलं आणि म्हणाला, "न्या, म्हैस खूश होईल." मी ते घरी आणून सुपात पसरले आणि अजून दोन दिवस वाळवले. आमचे हे येता-जाता विचारायचे, "म्हशीचा पाव वाळला का?"

रविवारी दिवेलागणीला आम्ही जाऊबाईंच्या घरचं वायफाय मागून घेतलं आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. तिकडं दुपारच्या जेवणाची वेळ. नेहमीप्रमाणे कपाळ दिसलं. मी म्हटलं, आधी माझं बघ, मग तुझं बघते. खलबत्त्यात लसूण, कोथिंबिरीची अख्खी जुडी आणि जाडं मीठ घेतलं. तो म्हणाला, अजून कुट. मी कुटलं. तो म्हणाला, अजून. घरात असा वास सुटला की हे बाहेरून आत आले. हिरवा गोळा पातेल्यात घातला, वर करडईचं तेल, जसं आपण ठेच्यावर कच्चं ओततो. पाण्यात अंडी फोडली. एक फुटलं, दोन नीट राहिली, अंगाखांद्यावर पांढरं घेऊन. मग ते उकळतं पाणी त्या हिरव्या गोळ्यावर ओतलं, आणि शेवटी पाव तोडून घातला. तोडायला जोर लागला.

खरं सांगते, पहिला घास तोंडात गेला आणि मी थांबले. लसणाचा झणका, कोथिंबीर, तेलाचा वास, आणि पाव आतून मऊ, बाहेरून अजून थोडा चिवट. वर अंड्याचा बलक फुटून पिवळा झालेला. हे गरिबाचं जेवण असेल, पण उपाशी माणसाचं नव्हतं. हे कुणीतरी जीव लावून केलेलं जेवण होतं.

ह्यांनी चमचा बाजूला ठेवला, बाह्या सारल्या आणि हातानं काला मोडला, रश्श्यात भाकरी चुरतात तसा. "लई ब्येस हाय," हे म्हणाले. "ह्यो तर आपलाच काला. फकस्त मिरची इसरलीत ती लोकं." आणि जाऊन हिरवी मिरची घेऊन आले.

आता माझी पाळी. मी म्हटलं, तुझं ताट दाखव. त्यानं फोन फिरवला. लाकडी टेबल, मोठा खोलगट वाडगा, तेच हिरवं पाणी, त्यात पाव आणि अंडं. समोर ती म्हातारी, घरमालकीण. काळा झगा, पांढरे केस मागं घट्ट बांधलेले, माझ्या आईच्या वयाची असेल. तिनं फोनमध्ये वाकून आमचं पातेलं पाहिलं आणि बरंच काही बोलली. हा हसायला लागला. म्हणाला, ती म्हणते कोथिंबीर चांगली आहे, अंडं कुणी फोडलं?

मी ते सोडून दिलं. मी म्हटलं, "तिला विचार, माझं पोरगं पोटभर जेवतं का?"

त्यानं काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. तो म्हणाला, "हो म्हणते, खूप जेवतो."

आणि माझ्या लक्षात आलं की हा काही पुरावा नव्हे. साक्षीदार तिकडची, आणि तिचं बोलणं मला सांगणारा कोण, तर आरोपीच. त्यानं काय विचारलं आणि तिनं काय सांगितलं, देव जाणे. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस, एक शब्द मधे घालू नकोस, आणि फोन तिच्याकडं कर. मग मी त्या बाईकडं बघितलं. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. मी बोटं जुळवून तोंडाशी नेली, मग टेबलापलीकडं, माझ्या पोराच्या दिशेनं बोट केलं, आणि हात उलटा करून विचारलं. काय?

म्हातारीनं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिला कळलं, मी काय विचारतेय ते. तिनं फोन त्याच्याकडं वळवून साखरेच्या भांड्याला टेकवला, उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्यामागं आली आणि दोन बोटांत त्याचा गाल धरून मला दाखवला. गाल भरलेला होता. चांगला हातात येत होता. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. तिनं त्याला दंडाला धरून उभं केलं, त्याच्या टी-शर्टाचं टोक पकडलं आणि सरळ वर उचललं. "आई, हिला सांग ना," असं तो ओरडतोय, आणि पोट बाहेर. पोट! घरून गेला तेव्हा फासळ्या मोजून घ्याव्यात असं अंग होतं. म्हातारीनं त्या पोटावर तळहातानं दोन थापा मारल्या. भरल्या पोटाचा आवाज आला, मी इथं सोनईत ऐकला.

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. हे भिंतीकडं तोंड करून टॉवेलनं नाक पुसत होते आणि मिरची तिखट निघाली म्हणत होते. मी त्या बाईला हात जोडले. तिनं मान हलवली, पोराला खांदा दाबून परत खुर्चीत बसवलं आणि डाव घेऊन त्याच्या वाडग्यात अजून घातलं. तो दोन्ही हात आडवे धरून नको, नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही.